अहेराचा दागिना: साठा, साज आणि हक्क

घरात लग्न ठरलं, बारसं आलं किंवा लेकीची पहिली मंगळागौर जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो: काय घालायचं? आजी म्हणते पाटल्या करा. वडील म्हणतात वेढणं घेऊन ठेवा, दागिना पुढे बघू. मावशीला ठुशी हवी असते. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं ती म्हणते, मला रोज कामावर जाताना घालता येईल असं काहीतरी द्या. चौघांच्याही म्हणण्याला आधार असतो, म्हणून हा वाद लवकर मिटत नाही.

सोन्याच्या भावाने तो आणखी टोकदार केला आहे. या शतकाच्या सुरुवातीला दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आसपास होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याने लाखाचा आकडा गाठला आणि नंतर तो आणखी वर गेला. ज्या रकमेत पूर्वी घरातल्या सगळ्या जवळच्यांना एकेक अंगठी होत असे, त्या रकमेत आता एका भाचीला कानातलं होतं. त्यामुळे दागिना घ्यावा का, घ्यायचा तर कशाचा, किती कसाचा, घालण्यासाठी की ठेवण्यासाठी, हे प्रश्न मध्यमवर्गीय मराठी घरांत नव्याने विचारले जात आहेत.

या लेखात या वादातल्या मुख्य भूमिका क्रमाने मांडल्या आहेत. आपण एकाच दागिन्याकडून चार कामांची अपेक्षा करतो. तो अडीअडचणीचा साठा असावा, अंगावर शोभावा, नात्याची खूण व्हावा आणि बाईच्या नावावरची मालमत्ताही असावा. यातलं कुठलं काम पहिलं, यावरच मतभेद आहेत.

पार्श्वभूमी: सोनाराच्या शब्दापासून सहा अक्षरांच्या खुणेपर्यंत

फार जुनी गोष्ट नाही. आपल्या आज्यांच्या काळात दागिना दुकानातल्या काचेमागून निवडला जात नसे. घरचा सोनार ठरलेला असे. त्याच्याकडे सोनं द्यायचं, नमुना सांगायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी दागिना घरी आणायचा. वजन तोळा, मासा, गुंज या मापात होई: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज बाजारात ‘तोळा’ म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅमच अभिप्रेत असतात. कस ठरायचा कसोटीच्या दगडावर, आणि त्याहून अधिक सोनाराच्या शब्दावर.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का १९६३ मध्ये बसला. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची मागणी कमी करायची होती. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेची ती अट काही वर्षांत शिथिल झाली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचा अंमल पुढे चालूच राहिला. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर पेढ्यांची मोठी दालनं, तयार दागिने आणि जाहिराती यांचा काळ सुरू झाला.

गिऱ्हाईक आणि सोनार यांची पिढ्यांची ओळख सुटली, तेव्हा विश्वासाची दुसरी सोय हवी होती. भारतीय मानक ब्युरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क सुरू केला. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांमध्ये सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून त्या व्यवस्थेत विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर तीन खुणा आवश्यक ठरल्या: ब्युरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि ‘एचयूआयडी’ हा अक्षरं व अंक मिळून झालेला सहा जागांचा क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५० आणि १४ ला ५८५ हे आकडे हजार भागांत शुद्ध सोनं किती, ते सांगतात. दोन ग्रॅमहून हलके दागिने, तसंच कुंदन, पोलकी आणि जडावाचं काम यांना या सक्तीतून सूट आहे.

पहिली भूमिका: दागिना म्हणजे अडीअडचणीचा साठा

सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात मोठी भूमिका हीच. दागिना घालायला मिळाला तर चांगलंच, पण त्याचं खरं काम वाईट दिवसांत उभं राहण्याचं. या भूमिकेला भावनेइतकाच अनुभवाचा आधार आहे. पहिल्या भारतीय कथापटासाठी पैसे कमी पडले तेव्हा दादासाहेब फाळक्यांच्या मागे सरस्वतीबाईंचे दागिने उभे राहिले. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिलं. नोंद नसलेल्या घरांतही हेच घडत आलं आहे: पेरणी, फी, दवाखाना, आणि मग गळ्यातली माळ गहाण.

आजच्या पतव्यवस्थेतही या भूमिकेला बळ देणारी एक गोष्ट आहे, ती फारशी बोलली जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि वित्तसंस्था दागिन्यांवर कर्ज देऊ शकतात. सोन्याची बिस्किटं आणि विटा मात्र तारण म्हणून घेता येत नाहीत, आणि नाण्यांनाही मर्यादा आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारणाच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा दिली. आधीची सर्वसाधारण मर्यादा ७५ टक्के होती. म्हणजे रात्री अचानक पैसे लागले तर कपाटातल्या बिस्किटापेक्षा हातातल्या पाटल्या सकाळी लवकर कामाला येतात.

करव्यवस्थेलाही घरातल्या दागिन्यांचं हे स्थान मान्य आहे. प्राप्तिकर झडतीत विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ ची सूचना आहे. ती बाळगण्याची कमाल मर्यादा नाही. हिशेब देता येत असेल तर याहून अधिकही ठेवता येतं.

या बाजूचे लोक निवड करताना साधा घाट, २२ कॅरेट, भरीव काम आणि कमी जोडकाम पाहतात. पाटल्या, गोठ, साखळी, वळ्याची अंगठी यांना ते पसंती देतात, कारण असा दागिना मोडताना कमीत कमी तूट येते.

दुसरी भूमिका: साठाच करायचा तर दागिना कशाला?

पहिल्या भूमिकेवरचा सर्वांत नेमका आक्षेप आकड्यांचा आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, २२ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये आहे. दहा ग्रॅमचा एक हार घेतला, घडणावळ १५ टक्के लागली. सोन्याचे एक लाख, घडणावळीचे १५ हजार, त्या बेरजेवर ३ टक्के जीएसटीचे ३,४५० असे एकूण १,१८,४५० रुपये झाले. हाच हार दुसऱ्या दिवशी मोडायला नेला आणि पेढीने ३ टक्के घट धरली, तर हातात येतील ९७ हजार. घडणावळ गेली, कर गेला, घटही गेली. एका दिवसात साडेएकवीस हजारांच्या आसपास रक्कम, म्हणजे दिलेल्या पैशाच्या सुमारे १८ टक्के, उतरली.

घडणावळ ठिकाणाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलते. यंत्रावर निघालेल्या साध्या बांगडीवर ती एका आकड्यात असते, बारीक हातकामावर वीस टक्क्यांच्याही पुढे जाते. म्हणून ज्यांना मूल्यच जपायचं आहे त्यांनी वेढणं किंवा नाणं घ्यावं, असं ही बाजू सांगते, कारण त्यावर घडणावळ अगदी कमी लागते. त्याही पुढचा पर्याय कागदावरच्या सोन्याचा. २००७ पासून आपल्याकडे सोन्याचे ईटीएफ आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये सार्वभौम सुवर्णरोखे सुरू झाले. आठ वर्षांची मुदत, वर्षाला अडीच ते पावणेतीन टक्के व्याज आणि मुदतीअखेर सोन्याच्या भावाने परतफेड, अशी ती योजना होती. फेब्रुवारी २०२४ नंतर मात्र नवे रोखे काढलेले नाहीत; जुने शेअर बाजारात मिळतात.

पहिल्या बाजूचं यावरचं उत्तरही वजनदार आहे. नाणं सहज मोडलं जातं, कारण त्यात जीव गुंतलेला नसतो. दागिना मोडताना हात थांबतो आणि त्या थांबण्यामुळेच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शिवाय डिमॅट खात्यातलं सोनं कोणाच्या नावावर आहे आणि ते कोण चालवतं, हाही प्रश्न उरतोच.

तिसरी भूमिका: घालायचा असेल तरच दागिना

नोकरी करणाऱ्या, लोकल-बसने प्रवास करणाऱ्या बायकांनी या वादात एक रोखठोक मुद्दा आणला: बँकेच्या लॉकरमध्ये वर्षभर राहणारा दागिना माझा कसा? त्यांना रोज अंगावर राहील, ओढणीत अडकणार नाही, रस्त्यात भीती वाटणार नाही आणि हरवला तरी घर हलणार नाही असा दागिना हवा असतो.

या मागणीमुळे १८ आणि १४ कॅरेटचे हलके दागिने वाढले. शुद्ध सोनं मऊ असतं. तांबं, चांदी यांचं प्रमाण वाढलं की ते कठीण होतं. त्यामुळे बारीक घडण, नाजूक कडी आणि खड्यांची पकड कमी कॅरेटमध्ये अधिक टिकते. जुलै २०२५ पासून ९ कॅरेटचे, म्हणजे हजारात ३७५ भाग सोन्याचे दागिनेही हॉलमार्कच्या कक्षेत आले. १९६३ मध्ये सरकारने १४ कॅरेट लादले तेव्हा घरोघरी संताप झाला होता; आज तेच १४ कॅरेट अनेक तरुणी आपणहून मागतात. सक्तीने जे जमलं नाही ते भावाने आणि राहणीमानाने घडवलं.

याच भूमिकेचा दुसरा पाय म्हणजे चांदी आणि मुलामा. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी आणि इतर दागिन्यांसाठी देशभर ओळखलं जातं. ऑक्सिडाइज्ड चांदीच्या नथी, ठुश्या आणि कानातली आता सुती साडीवर सर्रास दिसतात. मुलाम्याच्या दागिन्यांना आपल्याकडे ‘एक ग्रॅम सोनं’, ‘फॉर्मिंग’ किंवा सरळ ‘बेन्टेक्स’ म्हणतात. तांब्या-पितळेवर सोन्याचा पातळ थर चढवलेले हे दागिने मोडले तर मोल जवळजवळ नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जिथे टोमणा म्हणून वापरली जायची, तिथे आज लग्नाच्या मांडवातही मुलाम्याचा हार उघडपणे घातला जातो आणि कोणी बोट ठेवत नाही. हा बदल मोठा आहे.

या बाजूला सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. मुलाम्याच्या आणि स्वस्त धातूच्या दागिन्यांत निकेल असू शकतं, आणि त्याने अनेकांच्या कानाला, मानेला खाज व पुरळ येतं. म्हणून लहान मुलाला किंवा नुकतेच कान टोचलेल्याला असं काही भेट देऊ नये. आणि मुलामा भेट द्यायचा तर तो मुलामा म्हणूनच द्यावा. घेणाऱ्या माणसाला तो सोन्याचा वाटला आणि अडचणीत मोडायला नेल्यावर खरं कळलं, तर तो आघात फक्त पैशाचा राहत नाही.

चौथी भूमिका: घडण हेच मोल

वरच्या तिन्ही भूमिका दागिन्याला वजन, भाव किंवा सोय या मापांनी तोलतात. चौथी बाजू म्हणते, दागिना ही आधी कारागिरी आहे. महाराष्ट्राच्या दागिन्यांना स्वतःची भाषा आहे: ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, चपलाहार, बुगडी, कुडी, बिलवर, तोडे, वाकी. यातलं प्रत्येक नाव म्हणजे एक वेगळा घाट आणि तो घडवण्याची वेगळी रीत.

कोल्हापुरी साज जवळून पाहिला की हे कळतं. त्याच्या एकवीस पानांची परंपरेने सांगितली जाणारी वाटणी अशी: दहा पानं दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एकेक माणकाचं व पाचूचं, आणि एक डोरलं. मासा, कासव, कमळ हे आकार नखाएवढ्या पत्र्यावर उठवलेले असतात आणि पानांच्या मधे मणी ओवलेले असतात. ठुशीत बारीक गोल मणी इतके दाटीने बसवतात की गळ्याभोवती एकसंध पट्टी दिसावी. मागच्या गोंड्याच्या दोरीने ती गळ्याप्रमाणे सैल-घट्ट होते. म्हणून एकच ठुशी आईला, लेकीला आणि नातीला बसते. भेट म्हणून तिचं महत्त्व या दोरीतही आहे.

पण इथेच खरेदीचा एक नाजूक मुद्दा येतो. बोरमाळेचे मणी, पोकळ तोडे, काही पाटल्या यांत आतून लाख भरलेली असते. त्यामुळे थोड्या सोन्यात मोठा आणि दमदार दागिना होतो, मणी चेपत नाहीत. मात्र तराजूवर लाखेचंही वजन पडतं. म्हणून बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्यायलाच हवं. दोऱ्याचं, मोत्यांचं, खड्यांचं वजनही असंच वेगळं. जुन्या दागिन्यांत डागाचं, म्हणजे जोडकामाचं, प्रमाण जास्त असेल तर आटवल्यावर कस उतरतो. डागासाठी कॅडमियम मिसळलेलं ‘केडीएम’ मध्यंतरी फार चाललं. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असल्याने ते मागे पडलं. ‘केडीएम आहे’ हे आता शुद्धतेचं प्रमाण मानायचं कारण नाही.

या भूमिकेपुढची अडचण कारागिरांच्या संख्येची आहे. कोल्हापूरच्या गुजरीत, पुण्याच्या रविवार पेठेत, मुंबईच्या झवेरी बाजारात हाताने घडवणारी माणसं आहेत आणि त्यांत बंगालमधून आलेल्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. साच्यातून आणि यंत्रातून निघणारी ठुशी स्वस्त पडते, दिसायलाही सारखीच दिसते. हातकामाचे जादा पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर मुलाने बापाच्या बैठकीवर का बसावं, हा प्रश्न या धंद्यातली माणसं विचारतात आणि त्याचं सोपं उत्तर कोणाकडे नाही. दुसरीकडे याच महाराष्ट्रातल्या खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामावर देशभर पसरले. दागिना घडवणारा आणि दागिना आटवणारा, दोघंही इथलेच.

पाचवी भूमिका, थोडक्यात: हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला

साखरपुड्याच्या अंगठीमुळे हा वाद मराठी घरांतही आला आहे. प्रयोगशाळेत प्रचंड दाब व उष्णता देऊन, किंवा वायूतून कार्बनचे थर बसवून तयार केलेला हिरा रासायनिकदृष्ट्या खराच हिरा असतो. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, उपकरण लागतं. सुरतेत असे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि पैलूही तिथेच पडतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने त्यांच्या बीजांवरचं आयातशुल्क काढलं.

पाठीराखे म्हणतात, त्याच पैशात मोठा खडा मिळतो आणि खाणीतल्या रक्तपाताचा प्रश्न येत नाही. यादवी युद्धांना पैसा पुरवणारे हिरे रोखण्यासाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे, पण तिची व्याख्या बंडखोर गटांपुरती अरुंद असल्याची टीका सतत होते. विरोधक म्हणतात, पुरवठा वाढेल तसा प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा भाव उतरत चालला आहे, परत विकायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, आणि ते तयार करायला वीज भरपूर लागते. खाणीतल्या हिऱ्याचीही फेरविक्री सोन्यासारखी नसते, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावं लागतं. म्हणून हिरा हा साठा नाही, हौस आहे, एवढ्यावर बहुतेक जाणकारांचं एकमत दिसतं.

सहावा प्रश्न: दागिना कोणाचा?

आतापर्यंतचा वाद काय घ्यावं याचा होता. स्त्रियांच्या चळवळीने आणि न्यायालयांनी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला: दिलेला दागिना कोणाच्या ताब्यात राहतो?

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. लग्नात आणि त्याच्या आगेमागे बाईला मिळालेले दागिने हे स्त्रीधन, आणि त्यावर तिचा पूर्ण हक्क. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की सासरच्यांकडे ते ठेवायला दिलं तरी ते विश्वासाने ठेवलेलं असतं, त्यांची मालकी होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामायिक मालमत्ता नाही असं पुन्हा बजावलं आणि गेलेल्या सोन्यापोटी पत्नीला २५ लाख रुपये द्यायला लावले. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत लग्नातल्या भेटींची सहीनिशी यादी करण्याची तरतूद आहे. मांडवात जेवणावळीची यादी होते, भाड्याच्या भांड्यांची होते. ही यादी मात्र क्वचितच होते.

दागिन्याच्या सामाजिक अर्थावरही मूलभूत टीका झाली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना हलक्या धातूंचे ढीगभर दागिने टाकून द्यायला सांगितलं, कारण त्यांवरून जात ओळखली जात होती. ज्यांच्या अंगावर काय असावं हे दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्यासाठी दागिना न घालणं हीच सुधारणा होती. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो आदर्श म्हणून इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. अंगावरचा दागिना कधी घालायचा आणि कधी उतरवायचा हे ती स्वतः ठरवणार की समाज, हा प्रश्न त्या ठरावाने गावाच्या सभेत आणला.

दुसरी बाजूही मनापासून बोलणारी आहे. अनेक स्त्रियांना मंगळसूत्राच्या वाट्या, जोडवी, आजीची नथ यांत बंधन दिसत नाही, आपलेपण दिसतं. अंगावर काही नसलेल्या बाईला ‘लंकेची पार्वती’ म्हणणाऱ्या समाजाचा त्यांना राग आहे, पण म्हणून दागिना सोडायला त्या तयार नाहीत. या दोन्ही अनुभवांना खोटं ठरवता येत नाही.

कशावर एकमत आहे

मतभेद खूप असले तरी काही गोष्टी सगळ्या बाजू मान्य करतात. पक्कं बिल घ्यावं. त्यावर निव्वळ वजन, शुद्धता, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं असावं. दागिन्यावरचा सहा जागांचा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर घालून पाहावा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता तिथे जुळली पाहिजे. शंका आली तर मान्यताप्राप्त केंद्रात थोडं शुल्क भरून तपासणी करता येते, आणि हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी भरली तर तफावतीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. भेट देताना बिल दागिन्याबरोबर द्यावं, हेही आता रूढ होऊ लागलं आहे. किंमत उघड होते म्हणून पूर्वी ते लपवलं जाई. पण दागिना पुढे बदलायचा, दुरुस्त करायचा किंवा तारण ठेवायचा तर कागद तिच्याजवळच असायला हवा.

काय अनुत्तरित आहे

पहिला अनुत्तरित मुद्दा घटीचा. विकताना शुद्धतेची हमी देणारी व्यवस्था आली, पण परत घेताना किती घट धरायची याचा सर्वमान्य नियम नाही. आपल्याच पेढीच्या दागिन्याला एक वागणूक आणि परक्या पेढीच्या दागिन्याला दुसरी, हे चालूच आहे. दुसरा मुद्दा हातकामाच्या ओळखीचा. कस किती ते शिक्का सांगतो. दागिना हाताने घडला की साच्यातून निघाला ते सांगत नाही. तोवर कारागिराला त्याच्या हाताचं मोल मिळणं अवघड आहे. तिसरा मुद्दा प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या पुढच्या किमतीचा, आणि आज घेतलेल्या अंगठीला वीस वर्षांनी काय अर्थ राहील याचा. आणि चौथा, सगळ्यात अवघड: स्त्रीधनाचा कायदा कागदावर पक्का असताना लॉकरची किल्ली प्रत्यक्षात कोणाकडे असते?

निवडीचा क्रम

या सगळ्या भूमिका शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. प्रत्येक भूमिका आपापल्या कामापुरती बरोबर आहे आणि दुसऱ्या कामाला लावली की फसते. साठा म्हणून नक्षीचा हार फसतो, रोजच्या वापरासाठी २२ कॅरेटचं नाजूक कानातलं फसतं, नात्याची खूण म्हणून डिमॅट खातं फसतं. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला आपण हलव्याचे दागिने घालतो. काटेरी दाण्यांचा तो हार दोन दिवसांत संपतो, मोल काहीच नसतं, आणि तरी तो वर्षानुवर्षं फोटोत जपला जातो, कारण त्याच्याकडून कोणी साठ्याची अपेक्षा केलेली नसते.

म्हणून काय घालायचं याआधी कशासाठी घालायचं हे ठरवावं. अडचणीसाठी असेल तर साधा, भरीव, २२ कॅरेटचा दागिना आणि त्याचं बिल तिच्या हातात. रोजच्यासाठी असेल तर कमी कॅरेटचा किंवा चांदीचा, तिने स्वतः पसंत केलेला. परंपरेसाठी असेल तर एखादाच, पण हाताने घडवलेला, आणि घडणावळीवर घासाघीस न करता घेतलेला. आणि यातलं काहीच तिला नको असेल, तिला शिकायला, धंद्याला किंवा घराच्या हप्त्याला पैसे हवे असतील, तर तेही मोकळ्या मनाने द्यावेत.

हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ज्या मुलीसाठी दागिना घ्यायचा तिला पेढीवर जाण्याआधी विचारावं, आणि दिल्यावर तो घालायचा, मोडायचा की ठेवून द्यायचा हे तिच्यावर सोडावं. देणाऱ्याने पुढचा ताबा सोडला तरच ती भेट. नाहीतर तो दागिना देणाऱ्याचाच राहतो, फक्त तिच्या अंगावर.